लायसन्स मिळालं, आता हायवे: विदर्भातल्या नव्या चालकांसाठी

आरटीओच्या ट्रॅकवर गाडी पुढे-मागे घेऊन दाखवली, लायसन्स पोस्टाने घरी आलं, आणि घरच्यांनी लगेच फर्मावलं, ‘रविवारी नागपूरला तूच ने गाडी.’ विदर्भातल्या गावोगावी हे असंच होतं. तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-ब्रेक शिकवतात, गल्लीत रिव्हर्स घ्यायला शिकवतात, बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी काढायलाही शिकवतात. हायवेवर फार तर एखादी चक्कर होते, तीही मास्तरांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर असताना. म्हणजे हायवेचं शिक्षण खरं तर लायसन्स मिळाल्यावर सुरू होतं, आणि ते कसं घ्यायचं हे कोणी नीट सांगत नाही. हा लेख त्यासाठी. मुख्यतः चारचाकीवाल्यांसाठी आहे, दुचाकीचं मधे मधे येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. आपल्याकडचे हायवे वावरांमधून गेलेत. ज्या डांबरावर तुम्ही नव्वदने निघालात, त्याच डांबरावर वीसने चालणारा ट्रॅक्टर आहे, त्याहून हळू चाललेली बैलबंडी आहे, आणि फाट्यावर जागच्या जागी उभी राहून सवारी भरणारी काळीपिवळी आहे. नव्वद आणि वीस यांच्यात सत्तरचा फरक. या फरकाने शंभर मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. तेवढ्यात रेडिओवरचं गाणं बदलून होत नाही. म्हणून स्पीडोमीटरवरचा आकडा पाहून समाधान मानू नका. समोर जे दिसतंय त्याचा वेग आणि आपला वेग यांच्यात किती फरक आहे, हे सतत ताडत राहा. पुढे जे जे सांगणार आहे, ते सगळं याच हिशोबातून निघतं.

आधी कुठला रस्ता

लोकांचा समज असा की गावाजवळचा दुपदरी रस्ता सोपा, चौपदरी अवघड आणि समृद्धी सगळ्यात अवघड. मला ते पटत नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा ट्रक आणि तुम्ही यांच्यामध्ये रंगाच्या एका पट्ट्याशिवाय काही नसतं. चौपदरीवर मधे डिव्हायडर असतो, त्यामुळे समोरासमोर धडकण्याची भीती बरीच कमी होते. म्हणून पहिल्या चकरा चौपदरीवर मारा. अमरावती, अकोला, भंडारा, साकोलीकडच्यांना राष्ट्रीय महामार्ग ५३ जवळ पडेल. हिंगणघाट, पांढरकवड्याकडच्यांना ४४. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळकडच्यांना ३६१. रविवारी सकाळी, चांगलं उजाडल्यावर निघा. पंचवीसेक किलोमीटर जा, चहा घ्या, परत या. चौपदरीवर हात बसला की मग दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक शिका. समृद्धी त्यानंतर, आणि रात्रीचा प्रवास सगळ्यात शेवटी.

रस्ता गुळगुळीत असला की पाय आपोआप दाबला जातो, याचीही जाणीव ठेवा. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या भागाला त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम. पण अशा रस्त्यावर ऐंशीचे शंभर कधी होतात, हे नव्या चालकाला कळतही नाही. इंजिनाचा आवाज वाढत नाही, गाडी हादरत नाही. मधून मधून काट्याकडे नजर टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सोबत कोण असावं, हेही महत्त्वाचं. जो स्वतः शांतपणे गाडी चालवतो, असा काका, मामा, शेजारचे भाऊ, कोणीही चालेल. दर दोन मिनिटांनी ‘अबे ब्रेक मार’ म्हणून ओरडणारा नको. मागच्या सीटवर दोस्तमंडळी तर पहिल्या चकरांना अजिबात नकोत.

निघायच्या आधी टायर

गाडी तपासायच्या याद्या सगळीकडे मिळतात. काच आतून-बाहेरून पुसा, वायपर चालतो का बघा, कूलंट आणि ब्रेक ऑइल बघा, चारही इंडिकेटर आणि ब्रेकलाइट लागतात का ते कोणाला तरी मागे उभं करून विचारा. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये ठेवले तरी चालतात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते घरूनच बघा. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास निघाला आहे, पण तो समृद्धीवर चालत नाही. तिथे फास्टॅगमधून वेगळे पैसे कटतात.

टायरवर मात्र थोडं थांबू. आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल.’ हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि उलगडते, त्यातून टायर आतून तापतो. त्यात मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या पुढे, डांबर त्याहूनही तापलेलं, गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान. फुटतो तो असा टायर. किती हवा भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीसाठी आकडा बहुतेक वेळा वेगळा असतो, तोही तिथेच. तेवढीच हवा भरा, आणि ती सकाळी गाडी थंड असताना. पन्नास किलोमीटर चालून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढू नका. स्टेपनीतली हवाही तपासा. नेमकी गरज पडते तेव्हाच तिची हवा गेलेली असते.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पहिल्याच दिवशी बघा. नक्षी छान दिसत असली तरी जुन्या रबराला बारीक चिरा पडतात आणि ते कडक होतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. असा टायर गाव-तालुक्यातही चालवू नका, हायवेवर तर नाहीच.

सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. तिन्ही आरसे गाडी सुरू करायच्या आधी लावून घ्या. बेल्ट सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीही. आजीला घट्ट होतो म्हणत असेल तर दोन मिनिटं थांबून तिला नीट लावून द्या, सोडून देऊ नका. लहान मूल पुढे मांडीवर नको.

फाट्यावरून हायवेवर चढताना

गावातून येणारा रस्ता हायवेला मिळतो तो फाटा ही आपल्याकडची सगळ्यात नाजूक जागा. इथे पूर्ण थांबा. पहिला गिअर टाका आणि उजवीकडे लांबवर बघा. नव्वदने येणारी गाडी सेकंदाला पंचवीस मीटर कापते. दोनशे मीटरवर ती लहानशी दिसते, पण तुमच्यापर्यंत यायला तिला फक्त आठ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुमची गाडी जागेवरून उठून जेमतेम चाळीस-पन्नासला पोचते. शंका आली की थांबा, ती गाडी जाऊ द्या.

दोनशे मीटर किती असतात, हे डोळ्याला शिकवायला सोपा उपाय आहे. किलोमीटरच्या दगडांमधे दर दोनशे मीटरला एक छोटा दगड असतो. राष्ट्रीय महामार्गावर किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गावर हिरवा. पहिल्या एक-दोन चकरांत सोबतच्या माणसाला सांगा, ‘दोन दगडांतलं अंतर दाखवत राहा.’ पुढे ओव्हरटेकला हेच माप कामी येतं.

चढल्यावर डाव्या पदरात राहून वेग भराभर वाढवा. इथे रेंगाळणंही धोक्याचं, कारण आता मागून येणाऱ्यासाठी वेगातला फरक तुम्ही तयार करताय.

तुम्हाला जायचं असेल डिव्हायडरपलीकडच्या दिशेने, आणि डिव्हायडरमधला कट डावीकडे एक किलोमीटरवर असेल, तरी आधी डावीकडे जा आणि कटवरून किंवा पुलाखालून वळून या. ‘पाचशे मीटर तर आहे’ म्हणत रॉंग साईडने जाणारे रोज दिसतात, बहुतेक मोटरसायकलवर. त्यांच्या मागे जाऊ नका. ऐंशीने येणारी गाडी आणि रॉंग साईडने चाळीसने येणारी फटफटी यांच्यातला फरक एकशे वीसचा होतो.

पदर, अंतर आणि खुणा

डावा पदर चालायला, उजवा पदर पुढे काढायला. काम झालं की परत डावीकडे. प्रत्यक्षात भरलेले ट्रक उजव्या पदरात तीसने चढ चढताना दिसतील, कारण डावीकडे ढाब्यांसमोर गाड्या उभ्या असतात. अशा ट्रकला उजवीकडून वाट मिळत नसेल तर एकदा डिपर द्या, थोडा वेळ द्या. डावीकडून काढावंच लागलं तर पुढे डाव्या पदरात काही उभं नाही, हे शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. नाहीतर त्याच्या मागेच राहा. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

अंतर मोजायचं ते मीटरने नाही, सेकंदाने. पुढची गाडी एखाद्या कडुलिंबाला ओलांडून गेली की मोजायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन म्हणून होईपर्यंत तुम्ही त्या झाडापाशी पोचायला नको. पाऊस असेल तर पाचपर्यंत मोजा. या मोकळ्या जागेत कोणी तरी गाडी घुसवणारच. घुसवू द्या, पाय थोडा उचला आणि पुन्हा अंतर करा.

वेगमर्यादेचं थोडक्यात. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे कारसाठी डिव्हायडरच्या चौपदरीवर ताशी १०० आणि इतर रस्त्यांवर ७०. मोटरसायकलसाठी त्याच रस्त्यांवर ८० आणि ६०. पण राज्य सरकारने किंवा स्थानिक परिस्थिती पाहून लावलेला फलक याहून कमी सांगत असेल तर फलक खरा. नव्या चालकाने पहिले काही महिने ऐंशीच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गणित साधं आहे: वेग साठवरून शंभरवर गेला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, पावणेतीन पट होतं.

रस्त्यावरच्या खुणांची भाषा पुस्तकातल्यापेक्षा वेगळी आहे. समोरच्याने लांबून अप्पर-डिप्पर केलं तर त्याचा अर्थ ‘तुम्ही या’ असा बहुतेक वेळा नसतो. ‘मी येतोय, थांब’ असा असतो. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळणार असेल, किंवा ‘काढून घे’ म्हणत असेल, किंवा तासाभरापूर्वी लावलेला बंद करायला विसरला असेल. दुसऱ्याच्या इंडिकेटरवर किंवा क्लिनरच्या हातवाऱ्यावर विसंबून कधीच पुढे जाऊ नका, रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला पाहिजे. आणि चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावायची पद्धत आपल्याकडे पडली आहे, ती चूक आहे. बाजूच्याला तुमचा एकच इंडिकेटर दिसतो आणि तो समजतो तुम्ही वळताय. चारही इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात.

मोठ्या गाडीच्या बाजूने जाताना तिच्या आरशात बघा. ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात. त्या जागेत थांबू नका, पुढे निघा किंवा मागे या.

एसटी फाट्यावर उभी असेल तर तिच्या पुढून माणूस रस्ता ओलांडणार, असंच धरून चाला. बहुतेक वेळा ते म्हातारं माणूस किंवा शाळेतली पोरं असतात. चाळीसच्या खाली या, बसच्या चाकांमधून पलीकडचे पाय दिसतात का बघा.

दुपदरीवर ओव्हरटेक

सगळ्यात जास्त सराव याचा लागतो. आधी हिशोब. पुढचा ट्रक पन्नासने चाललाय, तुम्ही सत्तरने काढताय. ट्रकची लांबी, आधीचं आणि नंतरचं अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा पन्नासेक मीटर जास्त कापायचेत. वीसच्या फरकाने त्याला नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत तुम्ही पावणेदोनशे मीटर पुढे जाता, आणि समोरून ऐंशीने येणारी गाडी दोनशे मीटर तुमच्याकडे येते. म्हणजे निदान चारशे मीटर, दोनशेच्या दगडांच्या हिशोबाने दोन टप्पे, रस्ता मोकळा दिसलाच पाहिजे. नव्या माणसाने तीन टप्पे धरावेत.

आता प्रत्यक्षातलं चित्र. नोव्हेंबरची संध्याकाळ, दारव्ह्याकडून यवतमाळकडे जाणारा रस्ता, आणि पुढे कुटाराने, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाने, भरलेली ट्रॉली. कुटार दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर आलेलं, मागचा रिफ्लेक्टर त्यात बुडालेला, दिवा नाही. अशा वेळी गाडीत कोणी तरी म्हणतंच, ‘घे ना काढून, किती वेळ त्याच्या मागं राहतं!’ कान देऊ नका.

पहिलं काम, मागे सरा. ट्रॉलीला चिकटून राहिलात तर कुटाराशिवाय काही दिसणार नाही. तीस-चाळीस मीटर मागे आलात की पुढचा रस्ता उघडा होतो. मग मधली रेघ बघा. अखंड असेल तर थांबायचं. पुढे वळण, चढाचा माथा, पूल किंवा फाटा असेल तर थांबायचं. हे सगळं मोकळं असेल तर ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्याकडे आणि पुढच्या चाकांकडे बघा. त्याचं डोकं उजवीकडे वळलं किंवा वेग एकदम उतरला, तर तो धुऱ्यावरच्या वाटेने वावरात उतरणार आहे. इंडिकेटर तो बहुतेक देत नाही, आणि इंजिनाच्या धडधडीत तुमचा हॉर्न त्याला ऐकू येईलच असं नाही. उजव्या बाजूला शेतात जाणारी वाट, फाटक किंवा तोडलेलं कुंपण दिसत असेल तर ती जागा आधी मागे पडू द्या.

सगळं ठीक दिसलं की आरसा, इंडिकेटर, खालचा गिअर, एक छोटा हॉर्न, आणि निर्धाराने पुढे. अर्ध्यात पोचून विचार करत बसायचं नाही. पण ट्रॉलीच्या मागच्या चाकापर्यंतच पोचला असाल आणि समोरून काही आलं, तर लगेच ब्रेक लावून मागे यायचं, यात कमीपणा नाही. पूर्ण ट्रॅक्टर आतल्या आरशात दिसायला लागला की डावीकडे या. तुमच्या पुढची कार ओव्हरटेक करतेय म्हणून तिच्या मागोमाग निघायचं नाही. ती निघताना रस्ता मोकळा होता, तुम्ही निघताना तो तसा असेलच असं नाही.

मोटरसायकलवाल्यांनी ट्रॉलीच्या अगदी जवळून काढू नये. बाहेर आलेली पऱ्हाटी किंवा तुराटी (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं) खांद्याला लागली तरी तोल जातो.

घाटात हा सगळा हिशोब बदलतो. चिखलदऱ्याचा घाट असो की मोताळ्याहून बुलडाण्याला चढणारा राजूर घाट, वळणावर ओव्हरटेक नाहीच. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरू नका, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. चढणाऱ्याला आधी वाट द्या.

हंगाम बघून

पहिल्या पावसात आपल्या काळ्या मातीने रस्ता फसवा होतो. पेरणीच्या दिवसांत वावरातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल शंभर-दोनशे मीटर डांबरावर सोडत जातो. त्यावर सरी पडल्या की साबणासारखं होतं. असा काळा पट्टा दिसला की त्याच्या आधी वेग कमी करा. त्यावर ब्रेक नको, स्टेअरिंगला झटका नको.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि खालचा रस्ता वाहून गेलाय का तेही कळत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर अख्खी एसटी वाहून गेली. पाणी उतरेपर्यंत थांबा किंवा फिरून जा. गावकरी ‘निघते गाडी’ म्हणाले तरी नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्याभोवती दगड लावलेले असतात. भंडारा-गोंदियाकडे धान असतं. अंधारात ते दगड दिसत नाहीत. नंतर कापसाच्या गाड्या, मग पऱ्हाटीच्या. वरूड-मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या हंगामात रस्त्याला लागून गाड्या भरत उभ्या असतात. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावाजवळचे रस्ते बैलांचे. त्या दिवशी शक्य तर सकाळीच प्रवास उरका. सजवलेल्या बैलजोडीजवळ हॉर्न वाजवू नका, बुजलेला बैल आवरणं सोपं नसतं.

दिवस मावळायच्या वेळी गायकी (गुराखी) ढोरं घेऊन परत येतात, आणि साधारण त्याच वेळी रोही बाहेर पडतात. रोही म्हणजे हरणासारखं चपळ पण घोड्याएवढं जनावर, मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. कारच्या बंपरने तो उडाला तर थेट काचेवर येतो. एक रोही रस्ता ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका, मागे कळप असतो. अचानक आडवा आलाच तर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबा. त्याला वाचवायला गाडी झटक्याने वळवलीत तर गाडी पलटी होते किंवा झाडावर जाते. चंद्रपूर–मूल, साकोली–देवरी, मनसरच्या पुढे पेंचकडे, अशा जंगलातल्या पट्ट्यांत अंधार पडल्यावर पन्नासच्या आत राहा. वाघ दिसला तरी गाडी थांबवून खाली उतरायचं नाही.

रात्र

पहिले काही महिने रात्री हायवेवर जाऊ नका. लग्न, दवाखाना, अशी वेळ आलीच तर अनुभवी माणसाला चालवू द्या. नंतर सुरू कराल तेव्हा एक नियम: तुमच्या लाइटचा उजेड जिथपर्यंत पोचतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाइटवर, उजेड पन्नासेक मीटर पोचतो, म्हणजे साठच्या वर वेग नको. समोरून अप्पर लाइट आला तर त्याच्याकडे बघू नका. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा, वेग उतरवा, स्वतः डिपर ठेवा. त्याला धडा शिकवायला आपणही अप्पर टाकला की दोघेही आंधळे होतात. मधल्या काळ्या जागेत काय आहे ते दिसत नाही आणि बिनलाइटची ट्रॉली नेमकी तिथेच असते.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं असेल तरी डिपरच. अप्परचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो.

समृद्धी

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा या जिल्ह्यांतून तो जातो. मोटरसायकल, ऑटो आणि ट्रॅक्टरला बंदी आहे, त्यामुळे वेगातला फरक इथे कमी असतो. कारला सपाट भागात १२० पर्यंत मुभा आहे. नव्या चालकाने शंभरच्या आत राहून डावा पदर धरावा. मुभा आहे म्हणून तेवढं पळवलंच पाहिजे असं नाही.

रॅम्पवरून चढताना फाट्याच्या उलट करायचं: थांबायचं नाही. रॅम्पच्या लांबीत वेग ऐंशीपर्यंत वाढवा, आरशात जागा बघा, इंडिकेटर द्या आणि आत जा. टोल जितके किलोमीटर चाललात त्याप्रमाणे बाहेर पडताना कटतो. आपला एक्झिट चुकला तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जा. वीस-तीस किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल. ब्रेक लावून थांबणं किंवा कडेने रिव्हर्स येणं, हे इथे जीवावरचं काम आहे.

समृद्धीचा खरा धोका सरळपणात आहे. वळण नाही, गाव नाही, तासभर तेच दृश्य. डोळे उघडे असतात पण डोकं बघणं बंद करतं. मागचे पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर समजा झोप जवळ आली. काच उघडून, गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. दीड-दोन तासांनी पंपावर किंवा विश्रांतीच्या जागी थांबा, वीस मिनिटं डोळे मिटा. दुपारी एक ते चार आणि मध्यरात्र ते पहाट, या वेळा टाळा. जेवण भरपेट नको. टाकी अर्ध्याहून जास्त भरूनच आत जा.

टायर फुटला, गाडी बंद पडली, अपघात दिसला

टायर फुटला की मोठा आवाज होतो आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. ब्रेक मारावासा वाटतो, तो मारू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला, गाडीला आपसूक उतरू द्या. चाळीसच्या खाली आली की हलक्या ब्रेकने डावीकडे घ्या.

बंद पडलेली गाडी शक्य तितकी डांबराबाहेर काढा. चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून रेलिंगच्या पलीकडे, वावराच्या बाजूला उभं राहायचं, गाडीत किंवा गाडीमागे नाही. लाल त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा, चौपदरीवर शंभर. ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून रस्त्याच्या बाहेरून चाला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लावला की क्रेन आणि गस्तीची गाडी येते. समृद्धीची हेल्पलाइन वेगळी आहे, आत शिरताना तिचा फलक दिसतो, नंबर तेव्हाच मोबाइलमध्ये टाकून घ्या. चौपदरीवर स्टेपनी बदलायची वेळ आली आणि पंक्चर चाक रस्त्याच्या बाजूचं असेल, तर स्वतः बसून बदलू नका, मदत येऊ द्या.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर आधी आपली गाडी सुरक्षित जागी, घटनेच्या पुढे लावा. मग १०८ किंवा ११२. पत्ता सांगताना ‘अमुक ढाब्याजवळ’ एवढं पुरत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, कुठल्या गावाकडे जाणारी बाजू, आणि किती माणसं लागली आहेत, हे सांगा. गाडीतून कोणाला ओढून काढू नका, आग किंवा पुन्हा धडक बसण्याची भीती असेल तरच काढा, मान सरळ ठेवून. हेल्मेट खेचू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ दुपट्टा दाबून धरा आणि दाबूनच ठेवा. ‘पोलिसांची भानगड लागेल’ या भीतीने लोक थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि दवाखान्यात किंवा पोलिसांना नाव-पत्ता देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.